धागा: पर्यावरणाचं भान ठेवून उत्पादन रचना कशी शिकवावी? नमुना म्हणून आपला कूलर

वर्कशॉप_नागपूर (मूळ धागा)

यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला हा विषय ऐच्छिक आहे. 14 आठवडे, आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास प्रात्यक्षिक, विद्यार्थी 30. रूढ पद्धत अशी की आधी ओझोन, हरितगृह वायू, मग वस्तूच्या जन्मापासून भंगारापर्यंतच्या हिशेबाच्या, म्हणजे आयएसओ 14040 च्या, चार पायऱ्या आणि शेवटी प्रत्येकाचं एक हिरवं पोस्टर. पोस्टर छान होतं, पण पोराला एक पत्रा कमी कसा लागेल हे सांगता येत नाही.

म्हणून संपूर्ण सत्र एकाच वस्तूवर घ्यायचा विचार आहे: डेझर्ट कूलर. नागपुरात घरोघरी आहे, हिंगण्याच्या कारखान्यांपासून गल्लीतल्या पत्राकामापर्यंत सगळीकडे बनतो, आणि त्यात पत्रा, प्लास्टिक, तांबं, पाणी, वीज सगळंच आलं. जाणकारांना तीन प्रश्न:

1. सुरुवात कशाने करावी?
2. हिशेब किती खोल न्यावा? सॉफ्टवेअर लागेल का?
3. विद्यार्थी नेमके कुठे चुकतात?

---

मोजपट्टी

सुरुवात वजनकाट्याने करा. पहिले तीन आठवडे व्याख्यान नकोच.

पाच-पाच जणांचे सहा गट, प्रत्येक गटाला भंगारातला एक जुना कूलर. सगळे एकसारखे घेऊ नका: तीन पत्र्याचे, दोन प्लास्टिकचे, एक टॉवर पद्धतीचा. हत्यारं: 8-9 आणि 10-11 चे पाने, दोन्ही प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, रिव्हेट काढायला 4 मिमीचा ड्रिल बिट, चुंबक, मल्टिमीटर. काटे दोन हवेत. एक 30 किलोचा, दुसरा 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा.

तक्त्याचे रकाने असे ठेवा: भाग, वजन ग्रॅममध्ये, माल, जोड कसा आहे, हत्यार कोणतं, किती सेकंद लागले, आणि भाग शाबूत निघाला की मोडला. हा शेवटचा रकाना कोणी ठेवत नाही, आणि सगळी शिकवण त्यातच आहे. सहा गटांचे तक्ते शेजारी लावले की पॉप रिव्हेटने जोडलेला पंख्याचा स्टँड आणि नटबोल्टने जोडलेला स्टँड यांत काय फरक आहे हे सांगावं लागत नाही.

एक नियम कडक ठेवा. सुट्या भागांच्या वजनांची बेरीज सुरुवातीच्या अख्ख्या वजनाच्या 2 टक्क्यांच्या आत आली पाहिजे. पहिल्या खेपेला ती येत नाही. कारण बहुतेक वेळा ताट्या (बाजूच्या, पाणी झिरपणाऱ्या जाळ्या): त्यातलं वुडवूल, म्हणजे लाकडाचे तंतू, ओलं असतं आणि त्यात क्षार साचलेले असतात. कूलर उघडण्याआधी ताट्या काढून दोन दिवस उन्हात ठेवा. दुसरं कारण वायर. ती कोणी तोलतच नाही.

---

वाइंडिंगवाले

मोजपट्टींच्या यादीत सुरक्षितता राहिली, ती आधी घ्या. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. या विषयातला पहिला तास त्यावरच हवा. ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते ती कितीही कमी पत्र्यात बनवली तरी चांगली रचना नव्हे.

उघडण्याआधी प्लग काढून कपॅसिटर डिस्चार्ज करा. नुसता स्क्रू ड्रायव्हर टेकवू नका, 10 किलोओमचा रोध लावून करा. मग 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) घेऊन मोटारीची वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला रोध तपासा. 2 मेगाओमच्या खाली आला तर ती मोटार कुठल्याही चालू प्रयोगात लावायची नाही. प्रयोगशाळेच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच.

रचनेचा प्रश्न म्हणून हेही विचारा: अर्थिंगची वायर कुठे जोडली आहे? अनेक कूलरमध्ये ती रंगावरच स्क्रूने आवळलेली सापडते. रंग म्हणजे इन्सुलेशन. तिथे दातेरी वॉशर हवा किंवा तेवढी जागा रंगाविना सोडायला हवी. खर्च जवळपास शून्य.

---

कार्बनचा_हिशेब

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सॉफ्टवेअर नको, निदान पहिले आठ आठवडे नको. स्प्रेडशीट पुरते. सॉफ्टवेअर दिलं की विद्यार्थी बटण दाबून रंगीत स्तंभ आणतात आणि स्तंभ कशामुळे उंच झाला हे त्यांना माहीत नसतं.

आधी फलन-एकक ठरवा, म्हणजे वस्तूकडून नेमकं किती काम हवं ते. "एक कूलर" हे एकक चुकीचं. "12 फूट बाय 12 फूट खोली, रोज 10 तास, वर्षाला 90 दिवस, 8 उन्हाळे थंड ठेवणं" हे बरोबर. असं एकक घेतलं की 4 वर्षांत गंजणारा कूलर आपोआप दोनदा मोजला जातो.

आता आकडे. मोटार 180 वॅट, पंप 20 वॅट, एकूण 200 वॅट. 900 तासांचे वर्षाला 180 युनिट. देशाच्या ग्रिडसाठी युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा: वर्षाला 126 किलो, 8 वर्षांत सुमारे 1,000 किलो. पत्रा 22 किलो, किलोमागे 2.5 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर 55 किलो. म्हणजे अख्खी बॉडी विजेच्या साडेपाच टक्के. ती दोनदा बनवली तरी 110.

वाहतूकही काढायला लावा, कारण "स्थानिक माल" या शब्दावर सगळ्यांचा फार भरवसा असतो. 22 किलो पत्रा 300 किमी ट्रकने आणला तर 6.6 टन-किमी. टन-किमीमागे 0.1 किलो धरलं तर पाऊण किलोच्याही आत. स्थानिक माल घेण्याची चांगली कारणं आहेत: दुरुस्ती, सुटे भाग, रोजगार. कार्बन हे त्यातलं मोठं कारण नाही, आणि विद्यार्थ्याने ते स्वतः गणित करून शोधलं पाहिजे.

---

हिंगणा_पत्राकाम

साडेपाच टक्के हे गणित बरोबर आहे, पण ते वर्गात असंच सोडलं तर पोरं म्हणतील, "मग पत्रा वाचवायचा काहून?" कारखानदाराच्या हातात पत्राच असतो. वीज त्याच्या गेटबाहेर जळते. म्हणून निर्मितीचा भाग वेगळा शिकवा, आणि नेस्टिंगपासून, म्हणजे एका पत्र्यात जास्तीत जास्त तुकडे बसवण्यापासून, सुरू करा.

8 बाय 4 फुटी पत्रा म्हणजे 2440 बाय 1220 मिमी. 0.6 मिमी जाडीला वजन 14 किलो. बाजूचं पॅनेल 610 बाय 610 मिमी मागितलं. पोरं लगेच सांगतात, 8 निघतील. मग चारही कडांना 15 मिमी दुमड द्या. ब्लँक, म्हणजे दुमडण्याआधीचा सपाट तुकडा, झाला 640. आता लांबीत 3, रुंदीत 1. आठाचे तीन झाले! पत्र्याचा वापर 41 टक्के, उरलेल्या 59 टक्क्यांच्या पट्ट्या.

आता उलट करायला लावा. ब्लँक 600 धरा, दुमड वजा करून तयार पॅनेल 570. पुन्हा 8, वापर जवळपास 97 टक्के, आणि पत्र्याची खराब कड छाटायलाही जागा उरली. कूलर 40 मिमीने अरुंद झाला, पण 16 इंची पंखा त्यात आरामात बसतो. दुमडीची रजा, म्हणजे बेंड डिडक्शन, प्रत्यक्ष ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या यंत्रावर) तुकडा वाकवून काढा. पुस्तकातलं कोष्टक जुन्या, झिजलेल्या डायला जुळत नाही.

कात्रणाचं भंगार वितळवून परत पोलाद होतं हे खरं, पण गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त भट्टीत धूर होऊन धुळीत जातं. म्हणून "रिसायकल होतं ना" हे उत्तर अपुरं आहे.

---

वर्कशॉप_नागपूर

नेस्टिंगचं उदाहरण थेट घेते. हिंगणा भाऊ, टाकी गंजण्याचं काय शिकवावं? जाड पत्रा घ्या, हेच उत्तर बहुतेक जण देतात.

---

हिंगणा_पत्राकाम

जाड पत्रा उपाय नाही ताई. आधी जस्त किती आहे ते पाहायचं. 120 ग्रॅम श्रेणी म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम. एका बाजूला 60, जस्ताची घनता 7.14, म्हणजे थर फक्त 8.4 मायक्रॉन. 275 श्रेणीत तो 19 मायक्रॉनच्या वर जातो. पत्रा 0.6 चा 0.8 केला तर पोलाद एक तृतीयांश वाढतं, जस्त तेवढंच राहतं.

610 बाय 610 तळ आणि 150 मिमी उंचीच्या टाकीचं क्षेत्रफळ 0.74 चौरस मीटर. 275 वापरलं तर जास्तीचं जस्त फक्त 115 ग्रॅम. म्हणून टाकी 275 ची आणि बाकीची बॉडी 120 ची. ज्याला पाणी लागतं त्यालाच जास्तीचं कवच. पोरांना हा निर्णय स्वतः घेऊ द्या.

गंज सुरू कुठे होतो? तळाच्या मधोमध नाही. कापलेल्या कडेला आणि स्पॉट वेल्डच्या टिकल्यांवर. जस्त 907 अंशांना उकळतं, वेल्डिंगला पोलाद त्याच्या कितीतरी वर तापतं, त्यामुळे त्या टिकलीवर जस्त उरतच नाही. उपाय: टाकीचा कोपरा कापून वेल्ड करू नका, पाकिटासारखा दुमडा आणि दुमड पाण्याच्या पातळीच्या वर रिव्हेट करा. कागदाच्या पट्टीवर घडी शिकवायला 20 मिनिटं लागतात. पाणी गळायला जागाच नाही म्हणून सीलंटही लागत नाही.

---

वाळ्याची_ताटी

पाण्याचा हिशेब कोणीच मांडला नाही, आणि कूलरमध्ये तोच मोठा आहे.

मे महिन्याची दुपार धरा: 44 अंश, आर्द्रता 15 टक्के. ओला पारा, म्हणजे ओली वात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान, साधारण 23. ताटीची कार्यक्षमता 75 टक्के असेल तर कूलरची हवा 28 च्या आसपास निघते. तासाला 3,000 घनमीटर हवा असेल तर बाष्पीभवन तासाला सुमारे 20 लिटर. 10 तासांचे 200, 90 दिवसांचे 18,000 लिटर.

आता विजेच्या पाण्याशी ताडून पाहा. जुन्या औष्णिक केंद्रांना 2015 च्या अधिसूचनेप्रमाणे मेगावॅट-तासाला 3.5 घनमीटर पाण्याची मर्यादा आहे. तीच धरली तरी 180 युनिटना 630 लिटर. (कोराडीच्या वीज केंद्राला तर नागपुरातल्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी जातं, कूलरमध्ये मात्र आपण पिण्याचं पाणी ओततो.) कार्बनमध्ये वीज मोठी, पाण्यात ताटी मोठी. दोन्ही स्तंभ एकाच पानावर आले की "सगळ्यात पर्यावरणस्नेही कोणतं?" हा प्रश्नच किती अपुरा आहे ते दिसतं.

प्रयोग असा घ्या. दोन काचेचे थर्मामीटर, एकाच्या फुग्यावर ओली सुती वात. कार्यक्षमता म्हणजे (बाहेरचं तापमान वजा कूलरच्या हवेचं) भागिले (बाहेरचं वजा ओला पारा). तीन ताट्या लावून पाहा: वुडवूल, वाळा, हनीकोम (मधाच्या पोळ्यासारखा कागद). चुका ठरलेल्या असतात. वातीला हाताचं तेल लागतं, मग ती नीट भिजत नाही. वातीवरून हवा सेकंदाला 3 मीटरपेक्षा मंद असते, मग ओला पारा खोटा वर दिसतो. आणि कूलरसमोरच्या थर्मामीटरवर तुषार बसतात, मग तो खोटा खाली दिसतो.

हनीकोम कार्यक्षम असतं आणि तीन-चार उन्हाळे चालतं, वुडवूल दरवर्षी बदलावं लागतं. पण हनीकोमचा कागद रेझिनमध्ये भिजवलेला असतो, तो खतात घालू नये. वुडवूल आच्छादन म्हणून झाडाखाली जाऊ शकतं, आधी क्षार धुऊन.

---

कार्बनचा_हिशेब

वाळ्याची ताटी, +1. यात क्षारांचं गणितही जोडा. पाणी उडतं, क्षार टाकीत राहतात. क्षार नळाच्या पाण्याच्या 4 पटींवर रोखायचे असतील तर सोडून द्यायचं पाणी = बाष्पीभवन भागिले (4 वजा 1). 200 लिटरला 67 लिटर. हे न सोडल्यामुळे ताटीवर पांढरा थर चढतो, हवा अडते, पंपाचा इंपेलर अडकतो. म्हणजे "पाणी वाचवलं" म्हणून ताटी आणि पंप दोन्ही लवकर भंगारात. सोडलेलं पाणी फरशी आणि संडासासाठी चालतं. कुंड्यांना रोज नको, माती खारवते.

---

वाइंडिंगवाले

मोटारीवर माझं मत थोडं वेगळं आहे. बीएलडीसी (ब्रश नसलेली, इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारी डीसी मोटार) लावली की 180 चे 90 वॅट होतात. पंप धरून 110 वॅट, वर्षाला 99 युनिट, 8 वर्षांत 1,000 किलोच्या जागी साधारण 555. कागदावर याला तोड नाही.

पण ती 8 वर्षं चालली पाहिजे ना. तिचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड दमट हवेत, टाकीपासून हातभर अंतरावर बसतो. बोर्डावर दमटपणा रोखणारा लेप नसेल तर त्यावरच्या सुट्या भागांच्या धातूच्या पायांवर हिरवट गंज धरतो. मेच्या दुपारी व्होल्टेज खालीवर होतं. साधी इंडक्शन मोटार जळली तर गल्लीतला माणूस संध्याकाळपर्यंत भरून देतो: बेअरिंग, तांब्याची तार, वार्निश. स्टॅम्पिंग (आतले लोखंडी पत्रे) आणि बॉडी तीच राहते. बोर्ड जळला आणि सुटा मिळाला नाही तर अख्खी मोटार गेली.

मग वर्गात प्रश्न असा द्या: बीएलडीसी ठेवून बोर्ड सुटा, लेप दिलेला, चार स्क्रूंवर, टाकीच्या वर आणि हवेच्या झोतात बसवा. कनेक्टर प्रमाणित घ्या. आराखड्यात बोर्ड बदलायला किती मिनिटं लागतात ते लिहा. 10 पेक्षा जास्त लागली तर आराखडा परत.

पंपालाही तेच. छोटा सबमर्सिबल पंप इपॉक्सीत बंद असतो, दुरुस्ती नाहीच. तो कोरडा चालून जळतो. म्हणून फ्लोट व्हॉल्व्ह हवा आणि तळापासून 10-15 मिमी वर जाळीत पंप बसवायला हवा, म्हणजे गाळ खाली राहतो.

---

पावडर_कोटिंग

रंगाचा एक तास ठेवा. पावडरमध्ये द्रावक जवळपास नसतो आणि उडालेली पावडर गोळा करून परत वापरता येते, म्हणून ती ओल्या रंगापेक्षा बरी. पण खरं ओझं रंगाच्या आधी असतं: ग्रीस काढणं, धुणं, फॉस्फेटिंग (रंग धरायला रसायनाचा थर), पुन्हा धुणं. त्या टाक्यांचा गाळ घातक कचरा ठरतो, त्याची नोंद ठेवून बुटीबोरीच्या सामायिक सुविधेला पाठवावा लागतो.

थर 60 ते 80 मायक्रॉन, भट्टी 180 ते 200 अंश, पत्र्याने ते तापमान गाठल्यावर 10 मिनिटं. इथे चूक अशी होते की हवेचं तापमान पाहून वेळ मोजतात. जाड स्टँड तेवढ्यात तापत नाही, रंग कच्चा राहतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात सोलतो.

सगळ्यात आधी विचारा: गॅल्व्हनाइज्ड टाकीला आतून रंग हवाच का?

---

मोजपट्टी

प्लास्टिकच्या दोन कूलरसाठी अर्ध्या तासाचा प्रयोग. प्रत्येक भागाचा नखाएवढा तुकडा कापा. साध्या पाण्यात पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तरंगतं (घनता 0.9), एबीएस आणि हिप्स ही स्टायरीनची प्लास्टिकं बुडतात (1.04-1.05). मग लिटरभर पाण्यात 150 ग्रॅम मीठ घाला. त्यात एबीएस आणि हिप्स वर येतात, पीव्हीसी बुडालेलंच राहतं. तुकड्यावरचे बुडबुडे बोटाने पुसा, नाहीतर सगळंच तरंगतं.

सापळा: टाल्क (दगडाची भुकटी) भरलेलं पीपी साध्या पाण्यात बुडतं आणि मुलं त्याला एबीएस म्हणून मोकळी होतात. म्हणूनच भागावर मालाचं चिन्ह साच्यातच कोरायचं असतं, भरण किती टक्के आहे त्यासकट. आयएसओ 11469 त्यासाठीच आहे. साचा बनतानाच कोरलं तर नगामागे काहीच खर्च येत नाही.

---

वर्कशॉप_नागपूर

खूप मिळालं, आभार. दोन प्रश्न उरले. गुण कसे वाटावेत? आणि "एसीपेक्षा कूलर चांगला" असं विद्यार्थी पहिल्याच पानावर लिहून मोकळे होतात, ते कसं रोखावं?

---

कार्बनचा_हिशेब

दुसऱ्याचं उत्तर फलन-एककात आहे. "90 दिवस" हे कोणते दिवस? जुलैत 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर ओला पाराच 29 च्या वर असतो. कूलर कसाबसा 4 अंश उतरवेल आणि खोली चिकट होईल. तुलना एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपुरती लिहिली तर वाक्य उभं राहतं, वर्षभराची लिहिली तर नाही.

50 गुण असतील तर माझी वाटणी: वजनांचा तक्ता 10, हिशेब 15, नवा आराखडा 15, तोंडी 10. हिशेबात प्रत्येक आकड्यापुढे "मोजला", "गणिताने काढला" की "गृहीत धरला" हे लिहिलंच पाहिजे. गृहीत आकडा दुप्पट आणि निम्मा करून निष्कर्ष बदलतो का तेही दाखवायचं. ग्रिडचा 0.7 जागी 0.35 घातला तरी बॉडीचा वाटा 11 टक्केच होतो, म्हणजे निष्कर्ष टिकला.

"इको-फ्रेंडली", "हरित" असे शब्द आकड्याविना आले तर प्रत्येकी एक गुण कापा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. असा दावा पुराव्याशिवाय करता येत नाही हे त्यांना नोकरीआधीच कळू दे.

---

हिंगणा_पत्राकाम

आराखड्याच्या 15 गुणांत माझी एक मागणी: कागदावर संपवू नका. सहा गटांपैकी ज्याचा आराखडा सर्वांत कमी प्रकारच्या स्क्रूंत उभा राहतो, त्याची टाकी आणि एक पॅनेल खरोखर बनवा. एका 8 बाय 4 पत्र्यात दोन्ही निघतं. टाकीत पाणी भरून 24 तास खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा.

---

वर्कशॉप_नागपूर

टाकीचा पत्रा 275 श्रेणीचा सुट्टा एकच मिळतो का? नाहीतर 120 वरच घडी शिकवते.

---

हिंगणा_पत्राकाम

सुट्ट्याला दुकानदार श्रेणी सांगत नाही. तुम्हीच तपासा. 100 बाय 100 मिमी तुकडा तोला, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, धुवून वाळवून परत तोला. प्रयोग मोकळ्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून, जवळ आग नको, हायड्रोजन निघतो. फरक 1.2 ग्रॅमच्या आसपास आला तर 120, पावणेतीनच्या आसपास आला तर 275. काटा मात्र 0.01 ग्रॅमचा लागेल, रसायन विभागाकडून मागा.